शरभाचा ‘जुना’ फोटो कसा बनवावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा फोटो स्टुडिओ होता. वडील आत डार्करूममध्ये काम करायचे आणि मी धुतलेले फोटो दोरीला चिमट्यांनी लावायचो. स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली. एन्लार्जर, लाल दिवा आणि काचेच्या निगेटिव्हच्या दोन पेट्या मात्र अजून जपून ठेवल्या आहेत. आता दरवर्षी पोळा झाला की शाळा-कॉलेजच्या मुलांना घेऊन मी एक काम करतो. जो प्राणी कधीच नव्हता त्या शरभाचा, सव्वाशे वर्षांपूर्वी काढलाय असं वाटावं असा, फोटो आम्ही बनवतो. त्याबद्दल फोनवर आणि शिबिरांत तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

नसलेल्या प्राण्याचा फोटो बनवणं म्हणजे लोकांना फसवणंच झालं ना?

फोटो बनवणं हे एक काम आणि तो खरा म्हणून गावभर फिरवणं हे दुसरं. पहिलं मी मनापासून शिकवतो. दुसऱ्याला माझा ठाम विरोध आहे आणि त्याचं कारण माझ्या स्वतःच्या चुकीतून आलंय. ते पुढे सांगतो.

शिकवतो ते अशासाठी की ज्या मुलानं एकदा स्वतःच्या हातानं खोटा फोटो बनवला, त्याला खरा फोटो वाचता येऊ लागतो. सावली कुठून पडली, आभाळ असं पांढरंफटक का, कडेचा डाग वरचा की आतला, हे त्याला दिसायला लागतं. शिबिरानंतर मुलं घरी जाऊन पणजोबांचा फोटो भिंतीवरून उतरवतात, मागचा पुठ्ठा बघतात आणि मला फोन करतात. माझ्या दृष्टीनं त्या फोनसाठीच हा सगळा खटाटोप आहे.

शरभच का? दुसरा प्राणी नाही चालणार?

चालेल. शरभ घेतो कारण तो आपल्या नजरेसमोर असूनही कुणी बघत नाही. किल्ल्याच्या दरवाज्यावर, कमानीच्या दोन्ही बाजूंना, सिंहासारखा पण सिंह नसलेला एक पशू कोरलेला असतो. कुठे त्याला पंख असतात, कुठे पंजात हत्ती. कोकणातल्या जंजिऱ्याच्या दारावरच्या पशूनं तर सहा हत्ती धरलेत. पुराणातला शरभ आठ पायांचा. नरसिंहाचा उग्रावतार आवरेना तेव्हा शंकरानं हे रूप घेतलं, अशी कथा आहे. दगडात तो बहुतेक वेळा चार पायांवरच भागवतो. मुलांना फोटो बनवायचा म्हटलं की आधी शरभ नीट बघावा लागतो, मोजावा लागतो, वहीत काढावा लागतो. ज्या दरवाज्यातून ती दहा वेळा गेलेली असतात तिथे अकराव्या वेळी मान वर करून थांबतात.

काही गोष्टींना मात्र मी हात लावू देत नाही. साती आसरा, म्हसोबा, वारुळातला नागोबा. विहिरीवर आसरांना हळदीकुंकू वाहणारी बाई तुमच्या-माझ्या घरातली असते. तिची श्रद्धा हा फोटोचा कच्चा माल नव्हे.

कुठला काळ निवडावा?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा लांबण लावतो.

‘जुना’ असा काही एक काळ नसतो. १८७० चा फोटो, १९०५ चा फोटो आणि १९६५ चा फोटो ही तीन वेगळी जनावरं आहेत. १८५१ नंतर ओल्या काचेचा जमाना आला. काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच फोटो काढायचा आणि लगेच धुवायचा. म्हणजे डार्करूमचा तंबूच सोबत न्यावा लागे. १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेचा शोध लागला, पुढच्या दहाएक वर्षांत ती बाजारात रुळली आणि छायाचित्रकार जरा मोकळा झाला. १९०० साली कोडॅकचा ब्राउनी हा डबा कॅमेरा आला आणि हौशी माणूसही फोटो काढू लागला. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत आग्फा क्लिक थ्री घरोघरी पोचला. त्याचे चौकोनी फोटो तुमच्या आजीच्या ट्रंकेत नक्की सापडतील.

मी १८९० ते १९०५ हा काळ घेतो. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. सहाव्या निजामाचे, महबूब अली खानांचे, दरबारी छायाचित्रकार होते लाला दीनदयाळ. त्यांना ‘राजा’ हा किताब निजामानंच दिला. त्यांनी निजामाच्या मुलखात फिरून मोठ्या काचांवर फोटो काढले, देवगिरीचेही काढले. ते फोटो आज इंटरनेटवर मोठ्या आकारात बघता येतात. काम सुरू करण्याआधी मी मुलांना तासभर नुसते ते फोटो बघायला लावतो, मोबाईलला हात लावायचा नाही. त्यांच्या चौकटीत घाई दिसत नाही. कॅमेरा तिपाईवर, रेघ सरळ, पुढे मोकळी जमीन आणि माणूस उभा केलेला. तुमचा शरभ तिरक्या, हललेल्या, धावत काढलेल्या फोटोत आला तर तो या काळातला वाटणारच नाही.

पुतळा कशाचा करावा आणि केवढा?

एक वीत उंच. त्याहून मोठा करायचा मोह टाळा.

स्कॉटलंडमधल्या लॉख नेस तळ्यातल्या राक्षसाचा जगप्रसिद्ध फोटो आठवा. पाण्यातून वर आलेली लांब मान. तो २१ एप्रिल १९३४ रोजी लंडनच्या डेली मेलमध्ये छापून आला. एका डॉक्टरच्या नावावर आला म्हणून लोकांनी विश्वास ठेवला. साठ वर्षांनी, १९९४ मध्ये, खरी गोष्ट बाहेर आली. खेळण्यातली पाणबुडी आणि तिच्यावर लाकडाच्या लगद्याची बनवलेली मान, एवढंच ते होतं. उंची फूटभर. पाण्यावर आकाराचा अंदाज लागत नाही आणि छापताना फोटो कापून घेतला होता. मूळ न कापलेल्या फोटोत तो राक्षस बारकासा दिसतो आणि भोवतीच्या लाटाही बारक्याच दिसतात.

आपल्याकडे पोळ्याला मातीचे बैल होतात. त्याच मातीचा शरभ करा. बैल करणारा कुंभार जवळ असेल तर त्याच्या शेजारी बसून करा, कारण चार पायांवर जड अंग कसं पेलायचं हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं. मानेची आयाळ अंबाडीच्या वाखाची. वाख पाण्यात भिजवून, पिंजून, ओल्या मातीतच खोचायचा. नंतर चिकटवलेली आयाळ टोपी घातल्यासारखी दिसते. अंगाला काजळी आणि खोबरेल हलक्या हातानं चोळलं की कातडीसारखी तकाकी येते. डोळ्यांना मी पहिल्या वर्षी मोठ्या हौसेनं गुंजा लावल्या होत्या. फोटोत लाल भाग आणि काळा ठिपका दोन्ही काळेच आले, डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी! आता काळा काचेचा मणी लावतो. त्यात आभाळाचा एक पांढरा ठिपका पडतो आणि तेवढ्यानं प्राणी जिवंत होतो.

एवढासा पुतळा प्रचंड कसा दिसेल?

पुतळा कॅमेऱ्यापासून तीन फुटांवर आणि किल्ल्याची भिंत पन्नास-साठ फुटांवर ठेवायची. कॅमेरा शरभाच्या पायांच्या उंचीवर, म्हणजे अक्षरशः जमिनीला टेकवून. वरून काढलात की तो लगेच खेळणं होतो.

खालची जमीन दोन कामं करते, घडवते किंवा बिघडवते. गवताची एक काडी शरभाच्या गुडघ्याला लागली की उंची उघडी पडते. म्हणून पाटावर काळ्या रानातली माती चाळून पसरा आणि त्यावर सुपारीएवढी ढेकळं मांडा. विताएवढ्या शरभाशेजारी सुपारीचं ढेकूळ म्हणजे धोंडाच. मेमधल्या भेगाळलेल्या रानाचा एक तुकडा अलगद उचलून आणता आला तर त्या भेगा दरीसारख्या दिसतात. पाटाची कड आणि मागची खरी जमीन जिथे मिळते तिथे एक आडवा ढीग घाला, म्हणजे सांधा झाकतो.

मोबाईलनं जमेल का?

जमेल, आणि या कामाला तो बराही पडतो. मोबाईलच्या छोट्या भिंगात जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतं. पोर्ट्रेट मोड आणि एचडीआर बंद ठेवा, झूम करू नका. संरक्षित किल्ल्यावर तिपाई लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तेव्हा आधी चौकशी करा. किल्ल्यातल्या दगडाला माती, तेल, रंग, काहीही लावायचं नाही.

ऊन कोणतं धरावं?

सकाळी साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मराठवाड्यावर सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. त्या उन्हात पुतळा मातीचा असल्याचं लगेच कळतं. पुतळा आणि भिंत एकाच उन्हात, एकाच वेळी टिपा. पुतळा घरी काढून नंतर भिंतीवर चिकटवणारे इथेच सापडतात. शरभाची सावली डावीकडे आणि बुरुजाची उजवीकडे!

म्हणजे संगणकावर जोडाजोडी करायचीच नाही?

शक्यतो नाही. खोटेपणा भिंगासमोर करा, फोटो खराच काढा. इंग्लंडमधल्या कॉटिंग्ली गावात १९१७ साली एल्सी राइट आणि फ्रान्सिस ग्रिफिथ्स या दोन मुलींनी कागदावरच्या पऱ्या कापल्या आणि टोपीला लावायच्या लांब टाचण्यांनी गवतात उभ्या केल्या. निगेटिव्ह तपासलं तेव्हा त्यात जोडाजोड सापडली नाही. सापडणार कशी, ती केलेलीच नव्हती. शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या आर्थर कॉनन डॉयलसारख्या माणसानं १९२० मध्ये ते फोटो खरे म्हणून मासिकात छापवले. त्या दोघींनी कबुली दिली १९८३ मध्ये, म्हातारपणी. मुलांना ही गोष्ट सांगितली की ‘निगेटिव्ह खरं आहे’ आणि ‘गोष्ट खरी आहे’ यातलं अंतर त्यांना वेगळं समजवावं लागत नाही.

फोटोत माणूस ठेवावा का?

ठेवावा, पण लांब, भिंतीपाशी. माणसामुळे डोळ्याला माप मिळतं. एरिक शिप्टन या गिर्यारोहकानं १९५१ मध्ये हिमालयात यतीच्या, म्हणजे हिममानवाच्या, म्हणून टिपलेल्या पावलाशेजारी बर्फ फोडायची कुऱ्हाड ठेवली होती. त्या फोटोचं वजन त्या कुऱ्हाडीतच आहे.

माणूस धोतर आणि पटक्यात असावा, हातात घड्याळ नको, पायात रबरी चप्पल नको. आणि हसायचं नाही, कॅमेऱ्यासमोर दात दाखवायची रीत बरीच नंतरची. मुलांना हे सगळ्यात अवघड जातं. त्याला सांगा, दहा आकडे मोजेपर्यंत तसाच उभा राहा. अंगात जो ताठरपणा येतो तो आपोआप त्या काळचा दिसतो.

रंगीत फोटो काळापांढरा केला तरी जुना का वाटत नाही?

कारण जुनी काच आपल्या डोळ्यांसारखी बघत नव्हती. तिला निळा प्रकाश चटकन कळायचा, लाल जवळजवळ कळायचाच नाही. म्हणून जुन्या फोटोत आभाळ कोरं पांढरं येतं, ढग नसतात. कपाळावरचं कुंकू काळं येतं. हळदीनं माखलेला नवरदेव काळवंडलेला दिसतो आणि निळीत बुडवलेला पटका पांढरा. आपल्या लोकांचे चेहरे त्या फोटोंत असतात त्याहून सावळे दिसतात, तेही याच कारणानं. पुढे रंग समजून घेणाऱ्या काचा आणि फिल्म आल्या, पण सगळे रंग नीट पकडणारी फिल्म सर्रास वापरात यायला विसाव्या शतकाची वीस-तीस वर्षं जावी लागली.

मोबाईलमधला साधा ‘ब्लॅक अँड व्हाइट’ फिल्टर हे करत नाही. गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात मोनो मिक्सर उघडा, लाल शून्य, हिरवा शून्य, निळा एक करा. एका क्षणात आभाळ उडून जातं, पटका काळा पडतो (लाल असेल तर) आणि फोटो शंभर वर्षं मागे सरकतो. शिबिरात पडद्यावर हे दाखवतो तेव्हा वर्गात एक ‘ओऽ’ उठतो, दर वर्षी. एका मुलीनं आपल्या आईचा फोटो असा करून बघितला आणि म्हणाली, “सर, ही तर आमची पणजी दिसायली.”

निळा भाग घेतला की मोबाईलच्या फोटोत चौकोनी ठोकळे दिसू लागतात. ते थोडं धूसर करून घ्या आणि मग बारीक रवा पेरल्यासारखा कण टाका. कोपरे किंचित गडद आणि मऊ करा. एवढ्यावर थांबा.

ओरखडे आणि डाग कसे घालावे?

आधी समजून घ्या, मग घाला. निगेटिव्हवर धूळ बसली तर तिथून प्रकाश जात नाही, म्हणून छापलेल्या फोटोत पांढरा ठिपका येतो. निगेटिव्हवर ओरखडा पडला तर तिथला थर निघून प्रकाश जास्त जातो, म्हणून फोटोत काळी रेघ येते. ओरखडा छापलेल्या फोटोवरच पडला असेल तर खालचा कागद दिसतो आणि रेघ पांढरी येते. वडील पांढरे ठिपके बारीक ब्रशनं भरायचे, त्याला आम्ही ‘टचिंग’ म्हणायचो. ॲपमधले तयार ओरखडे सगळे एकाच रंगाचे आणि फोटोभर सारखे पसरलेले असतात. जाणत्याला ते लगेच कळतं.

आपल्याकडचे फोटो बिघडतात ते आपल्या तऱ्हेनं. पावसाळ्यात माळवद गळतं आणि फ्रेमच्या वरच्या कडेनं पाणी उतरून पिवळी लहर उमटते. कसर जिलेटिन खाते, तिचे चट्टे वेडेवाकडे आणि उथळ असतात. वाळवी मागच्या पुठ्ठ्यातून येते. जिलेटिनच्या फोटोत गडद भागाच्या कडेला चांदीची झळाळी चढते, तिरकं धरल्यावर दिसते. यातलं एकच काहीतरी निवडा. ज्या फोटोला पाणी, वाळवी, कसर आणि आग सगळं लागलंय तो उरलाच कसा, असं कुणीही विचारेल.

कागदावर कसा उतरवायचा? चहात बुडवला तर चालतो ना?

इंकजेटचा प्रिंट चहात बुडवू नका, शाई पसरते आणि भिंगाखाली रंगीत ठिपके दिसतात ते दिसतातच. चहा लागतो, पण दुसऱ्या ठिकाणी.

डार्करूम असेल तर ब्रोमाइड पेपरवर छापा आणि सल्फाइडनं तपकिरी करा, खिडक्या उघड्या ठेवून, कारण सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि तो वायू चांगला नव्हे. डार्करूम नसेल तर सायनोटाइप करा. जॉन हर्शेलनं १८४२ मध्ये शोधलेली ही रीत उन्हावर चालते आणि ऊन आपल्याकडे भरपूर.

फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम, १०० मिलिलिटर पाण्यात. पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, वेगळ्या १०० मिलिलिटर पाण्यात. दोन्ही सारख्या मापानं मिसळून, मंद पिवळ्या दिव्याखाली, जाड ड्रॉइंग पेपरवर ब्रशनं लावायचं आणि अंधारात वाळवायचं. हातमोजे घाला. ही भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका आणि फेरिसायनाइडजवळ कुठलंही तीव्र ॲसिड येऊ देऊ नका. फोटो उलटा, म्हणजे निगेटिव्ह करून पारदर्शक शीटवर छापा, कागदावर ठेवा, वरून काच दाबा आणि उन्हात धरा. एप्रिलच्या उन्हात काही मिनिटं पुरतात, श्रावणातल्या ढगाळ दिवशी अर्धा-पाऊण तास लागू शकतो. गडद भाग राखाडी, काशाच्या रंगाचे दिसू लागले की पाण्यात धुवायचा.

इथे मराठवाड्याची एक खास अडचण आहे. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं. पहिल्या वर्षी बारा मुलांचे बारा फोटो त्या पाण्यात घातले आणि निळा रंग डोळ्यांदेखत फिका होत गेला. मुलं ट्रेभोवती गप्प उभी होती. क्षाराचं पाणी हा निळा रंग खातं. तेव्हापासून पहिल्या धुण्याच्या पाण्यात लिंबू पिळतो.

फोटो वाळला की निळाच राहतो. तो धुण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्यात घातला की पिवळट पडतो. मग घोटलेल्या, बिनदुधाच्या, गार झालेल्या चहात तासभर ठेवा. चहातल्या टॅनिननं लोखंड काळपट-तपकिरी होतं आणि कागदालाही जुनाट पिवळी झाक येते. जुन्या अल्ब्युमिन फोटोची, म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्या बलकाच्या कागदाची, चमक याला नाही. हातभर अंतरावरून मात्र बघणारा थबकतो.

मागच्या पुठ्ठ्यावर काय लिहावं?

त्या काळी फोटो जाड पुठ्ठ्यावर डकवत, कारण अल्ब्युमिनचा कागद पातळ असून गुंडाळत जाई. निजामाच्या राज्यात १८८० च्या दशकापासून कारभाराची भाषा उर्दू होती, तेव्हा पुठ्ठ्यावर उर्दू किंवा इंग्रजी अक्षरं शोभतात. संगणकातला देवनागरी फॉन्ट तर अजिबात नको. साल फसली, म्हणजे तेव्हाच्या महसुली कालगणनेतलं, लिहा. हैदराबाद राज्यातलं फसली साल काढायला इसवी सनातून ५९० वजा करायचे, वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. १३१५ फसली म्हणजे १९०५ च्या ऑक्टोबरपासून पुढचं वर्ष. महिने आजूर, दै, बहमन असे. तुमच्या घरी निजामाच्या काळातला जमिनीचा कागद किंवा सनद असेल तर ही नावं त्यावर भेटू शकतात.

गावाचं नावही तपासा. धाराशिवचं नाव मधे ‘उस्मानाबाद’ झालं होतं, तेव्हा तुमच्या सालात कुठलं नाव चालत होतं ते आधी बघा.

खऱ्या स्टुडिओचं नाव मात्र टाकू नका. दीनदयाळांचं तर मुळीच नाही. फोटो बाजारात गेला तर ती सरळ लबाडी होते.

बॅकग्राउंडमध्ये काय खटकतं?

वीजेच्या तारा आणि पत्रे सगळ्यांनाच दिसतात. पिकं आणि तण कुणी बघत नाही. गाजर गवत आपल्याकडे पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यात, १९५५ च्या सुमारास. सोयाबीन तर त्याहून अलीकडचं, आमच्या लहानपणी शिवारात ज्वारी आणि कापूसच असायचा. किल्ल्याच्या पायथ्याशी सोयाबीन डोलत असेल तर तो फोटो १९०५ चा नाही, सांगून संपलं.

एआयनं दोन मिनिटांत होतं. मग एवढी मेहनत कशाला?

होतं, आणि चांगलं होतं. पण दोन मिनिटांत फोटो मिळतो, नजर मिळत नाही. ज्यानं आयाळ ओल्या मातीत खोचलीय, लिंबू पिळून निळा रंग वाचवलाय, त्याच्यासमोर उद्या एआयचा फोटो आला तर तो आधी सावली बघेल, मग पाय मोजेल, मग तण बघेल. मुलांच्या हाती येणाऱ्या काळात रोज असे फोटो येणार आहेत. म्हणूनच मी हे हातानं शिकवतो.

फोटो छान झालाय. व्हॉट्सॲपवर टाकू का?

माझी चूक इथे सांगतो.

दुसऱ्या वर्षीचा आमचा फोटो फार सुरेख झाला होता. शरभ भिंतीच्या सावलीत, अर्धा वळलेला. मी तो एका गटात टाकला, खाली ‘आमच्या शिबिरातला फोटो’ असं लिहिलं. आठवड्यानं तोच फोटो परत माझ्याकडे आला. खालची ओळ गेलेली, तपकिरी रंग काढून रंगीत केलेला आणि वर लिहिलेलं, ‘आपल्या तालुक्यात हे जनावर फिरत आहे, रात्री बाहेर पडू नका.’

आपल्याकडे शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीच येते. रात्री एक वाजता बारी द्यायला रानात जाणाऱ्या माणसाच्या मोबाईलवर हा फोटो गेला होता. २०२० च्या नोव्हेंबरात बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं खरोखर माणसं मारली होती आणि ती भीती लोक विसरलेले नाहीत. शेजारच्या एका गावात लोक रात्री काठ्या घेऊन बसत होते. एका मेंढपाळानं दोन दिवस मेंढरं बाहेर काढली नव्हती.

मी पिशवीत शरभ घेऊन त्या गावात गेलो. पारावर सगळ्यांसमोर तो ठेवला आणि फोटो दाखवला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका आजीनं तो उचलला, तळहातावर घेतला, खालून पोट बघितलं, आयाळ ओढून बघितली. म्हणाली, “एवढंसंच व्हय? आन् माझा लेक दोन रात्री पाण्यावर गेला न्हाई. गहू वाळला की रं.”

त्या गव्हाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही.

काठ्या घेऊन बसलेल्या गावात रात्री एखादा अनोळखी वाटसरू आला असता तर? धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी, डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. लोकांत घबराट पसरवणारी खोटी माहिती फिरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा आहे. पण मला कलमापेक्षा त्या पारावरची शांतता जास्त आठवते.

मग खूण कशी करावी?

फोटोखाली लिहिलेली ओळ गळून पडते. फाइलमध्ये दडवलेली माहिती व्हॉट्सॲपवरून फोटो गेला की पुसली जाते. कोपऱ्यातली सही कापता येते. म्हणून आम्ही आता तीन गोष्टी करतो. ‘कल्पित छायाचित्र’ हे शब्द आणि साल फोटोच्या मधोमध, शरभाच्या अंगावरून जाणाऱ्या फिक्या पट्ट्यात. मोबाईलवर जाणारी प्रत फक्त हीच. बिनपट्ट्याचा फोटो कागदावरच राहतो आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं तेच शब्द असतात. तिसरी खूण चित्रातच: शरभाच्या मागे, भिंतीच्या कडेला, गाजर गवताची एक फुललेली फांदी मुद्दाम ठेवतो. १९०५ म्हणणाऱ्या फोटोत ती असूच शकत नाही. शिबिरातली मुलं तिला ‘साक्षीदार’ म्हणतात.

माझ्याकडे विचित्र प्राण्याचा फोटो आलाय. खरा की खोटा कसं ओळखू?

पुढे पाठवायचा थांबा, हे आधी. मग गूगल लेन्सवर टाकून तो आधी कुठे आलाय का बघा, कित्येकदा दुसऱ्या राज्यातला, पाच वर्षांपूर्वीचा निघतो. सावल्या बघा, पायाजवळची जमीन बघा, माप द्यायला काही आहे का बघा. कागदावरचा जुना फोटो असेल तर भिंग लावा आणि नोटा तपासायचा जांभळा दिवा लावा. १९५० च्या आसपास कागदात चमक आणणारी द्रव्यं घालायला लागले, त्या दिव्याखाली असा कागद निळसर चमकतो. ‘१९०५ चा’ फोटो चमकला तर विचारात पडा. आणि बिबट्यासारखं काही खरंच वाटत असेल तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा, गटात टाकू नका.

घरातला खरा जुना फोटो घेऊन त्यात शरभ घातला तर?

स्कॅन करून प्रतीवर करा. मूळ फोटोला हात लावायचा नाही. काचेला चिकटलेला फोटो ओढून तर काढूच नका, काचेसकटच स्कॅन करा.

काम झाल्यावर पुतळ्याचं काय करायचं?

कच्च्या मातीचा असेल तर बादलीत भिजत घाला, वाख वेगळा करून वाळवा. पुढच्या पोळ्याला तीच माती मऊ आणि चिकट मिळते, नव्या मातीपेक्षा चांगली. आमचा दुसऱ्या वर्षीचा शरभ मात्र भिजवता आला नाही. त्या आजीनं तो परत दिलाच नाही. तिच्या ओसरीवरच्या कोनाड्यात, कंदिलाशेजारी आहे. मागचा एक पाय नातवानं मोडलाय, तिथे ज्वारीच्या धांड्याचा तुकडा लावलाय.